वॅगनर्समधला बारा नावांचा फलक

१

मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी मी आमच्या बैठकीच्या खोलीतल्या भिंतीचं लाकडी अस्तर उचकटायला घेतलं. ओल वाढत चालली होती आणि हिलरीचा, म्हणजे माझ्या बायकोचा, खोकला थांबत नव्हता. घर घेऊन पाच महिने झाले होते, पण ते अजून आमचं वाटत नव्हतं. गावातली माणसं त्याला ‘वॅगनर्स’ म्हणत. छत्तीस वर्षांपूर्वीपर्यंत तो त्या नावाचा ऑल्डरविक गावचा पब होता. जाणारायेणारा आमच्या खिडकीशी थबकून आत बघायचा. आपण कुणाच्या तरी जागेत न विचारता बसलो आहोत असं सारखं वाटायचं.

मी पियानो सुरात लावून देतो. तीस वर्षं तेच करतोय. त्यामुळे लाकडावर टकटक केली की आत पोकळ किती आणि भरीव किती हे मला कळतं. शेकोटीच्या डावीकडचा शेवटचा तक्ता बाकीच्यांपेक्षा वेगळा वाजला. मी त्याचे पितळी स्क्रू एकेक करून सोडवले आणि तक्ता अलगद पुढे घेतला.

आत हिरव्या जाड कापडात गुंडाळलेली ओकची मोठी फळी होती. भिंतीची ओल लागू नये म्हणून तिच्या मागे चार ठिकाणी लाकडाचे ठोकळे लावलेले होते. हिलरीनं कापड बाजूला केलं. वर कोरलं होतं, ‘ऑल्डरविकचे बारा, १९१४ ते १९१८’. खाली एकाखाली एक नावं होती, कोरून सोनेरी वर्ख भरलेली.

या फलकाची गोष्ट आम्ही घरात पाऊल टाकल्याच्या पहिल्याच आठवड्यात ऐकली होती. चर्चच्या आवारातल्या स्मारकशिळेवर युद्धात पडलेल्या अकराच जणांची नावं आहेत. बारावा एमॉस प्रीस. त्याला १९१७ च्या डिसेंबरात पळपुटा ठरवून आपल्याच सैन्यानं गोळ्या घातल्या. तेव्हाचे चर्चचे विश्वस्त मेजर हॅडो यांचा सख्खा भाऊ त्या शिळेवर होता. त्याच्या जोडीला असला माणूस नको, असं त्यांनी बजावलं. मग वॅगनर्समध्ये बसणाऱ्या लोकांनी आपला स्वतःचा फलक केला, बाराच्या बारा नावांचा, आणि बारमध्ये शेकोटीवर लावला. एक्कावन्न वर्षं तो तिथं होता. तीस सप्टेंबर १९७१, गुरुवार, हा पबचा शेवटचा दिवस. संध्याकाळी सहाला शेवटच्यांदा दार उघडलं तेव्हा शेकोटीवर नुसता खिळा होता.

गावानं लगेच नाव घेतलं ते मेजरच्या मुलाचं, लायनेल हॅडोचं.

“एक नाव खरवडलंय,” हिलरी म्हणाली. “बिचारा एमॉस. इथंही नाही राहू दिलं त्याला.”

मधोमध एक ओळ चाकूनं भोसकून काढली होती. पांढरं लाकूड जखमेसारखं दिसत होतं. मी रुमालानं धूळ पुसत खाली आलो आणि नवव्या ओळीशी माझा हात थांबला. एमॉस प्रीस. अक्षर न् अक्षर शाबूत होतं.

खरवडलेलं नाव दुसऱ्याच कुणाचं तरी होतं.

२

नेस्टा बेब तासाभरात आल्या. जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात त्यांची हयात गेली होती, आणि निवृत्त झाल्यापासून त्या लोकांना त्यांच्या घरांचे इतिहास लिहून देत. आमच्या घराचाही त्याच लिहीत होत्या. आधी गाड्यांची चाकं बनवणाऱ्याचं घर, मग सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, विकायचा परवाना, मग पब, मग बर्मिंगहॅमच्या एका दंतवैद्याचं शनिवार-रविवारचं घर आणि आता आम्ही. बुटक्या, सडपातळ बाई. त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. चहासुद्धा त्या खोलीत फेऱ्या मारत प्यायच्या.

फलकापाशी मात्र त्या बराच वेळ गुडघ्यांवर होत्या. मग त्यांनी माझी शिसपेन्सील मागून घेतली आणि तिच्या टोकानं सहाव्या ओळीच्या खाचांतून काहीतरी उकरलं. सोनेरी कण होते, आणि बारीक भुसा.

“हा भुसा वरच्या ओळीचा,” त्या म्हणाल्या. “खालच्या नावाच्या खाचांत अडकलाय. फळी आडवी ठेवून खरवडली असती तर तो चहूकडे पसरला असता. म्हणजे हे काम फलक भिंतीवर असताना झालंय, उभ्याउभ्या.”

भर बारमध्ये, लोकांदेखत कोण असं करेल, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी एवढंच सांगितलं की तेव्हा पब दुपारी अडीचला बंद होऊन सहाला उघडत. मधल्या वेळात बार रिकामा असायचा.

पुढं त्या म्हणाल्या की यात दोन माणसं आहेत. एकानं बोथट चाकूनं, घाईनं, रागानं लाकूड फोडलं. दुसऱ्यानं तोच फलक मऊ कापडात गुंडाळला आणि मागं ठोकळे लावले. जो नाव असं फोडतो तो फळीला ओल लागेल म्हणून काळजी करत बसत नाही.

मी चर्चच्या आवारात जाऊन शिळेवरची नावं उतरवून आणली. आम्ही दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. शिळेवर असलेलं आणि फलकावर नसलेलं नाव एकच होतं, हर्बर्ट गिटिन्स.

हर्बर्टचा मुलगा विल्फ गावातच राहतो. नव्वदीचा, जुना सुतार. आपला बाप त्यानं कधी पाहिला नाही. १९१७ च्या फेब्रुवारीत विल्फ जन्मला आणि ऑक्टोबरात फ्लँडर्समध्ये हर्बर्ट बेपत्ता झाला. मृत समजावा, असं घरी पत्र आलं. विल्फची आई अ‍ॅग्नेस पुढं जगली तितकी वर्षं दर नोव्हेंबरात शिळेपाशी फुलांचं कडं ठेवत राहिली.

दुपारी बाराच्या आत बातमी गावभर झाली. खिडकीबाहेर माणसं जमली. मग दार न वाजवता एनिड प्रीस आत आल्या. सत्त्याऐंशीच्या, काठी टेकत. एमॉस त्यांचा चुलता. त्यांनी नवव्या ओळीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून आमच्याकडे न बघता बोलल्या.

“शनिवारी गावसभा आहे. लायनेल हॅडोनं ठराव मांडलाय की सरकारनं आता गोळ्या घातलेल्या सैनिकांना माफी दिली, तेव्हा एमॉसचं नाव शिळेवर कोरू. मी उभी राहून सांगणार आहे की चोराच्या हातचं मला काही नको. मग ते नाव कधीच नाही कोरलं तरी चालेल.”

“मला शनिवारपर्यंत वेळ द्या,” नेस्टाबाई म्हणाल्या.

“छत्तीस वर्षं दिली की वेळ,” एनिड म्हणाल्या आणि निघून गेल्या.

३

लायनेल हॅडो टेकडीखालच्या जुन्या विटांच्या घरात एकटेच राहत. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, डोळे जवळजवळ गेलेले. एनिडबाईंचं घर तिथून दोनशे पावलांवर, पण दोघांची तोंडं दोन दिशांना. रस्त्यात गाठ पडली तर एनिडबाई पलीकडच्या बाजूला जात, हे मी स्वतः पाहिलं होतं.

नेस्टाबाई त्यांच्या खोलीत खिडकी ते दार, दार ते खिडकी करत प्रश्न विचारत होत्या आणि म्हातारा आवाजाच्या दिशेनं मान फिरवत होता. त्या दिवशी तुम्ही कुठं होता, असं विचारल्यावर त्यांनी लगेच सांगितलं. हेरफर्डला, एका पाथरवटाकडे. सकाळच्या गाडीनं गेले होते आणि रात्री आठला परतले. पाथरवट आता हयात नाही आणि दुसरा साक्षीदार नाही.

पाथरवटाकडे कशाला गेला होतात, असं नेस्टाबाईंनी विचारलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या साली एनिड आणि ते लग्न करणार होते. दोघंही पन्नाशीचे. ते विधुर, ती कधीच लग्न न केलेली. गावाला कुणकुण होती, पण उघडपणे कुणी बोलत नव्हतं. लग्नाआधी एमॉसचं नाव शिळेवर आणीन, असं त्यांनी तिला वचन दिलं होतं. बाप अंथरुणाला खिळलेला होता. दोन महिने भांडून त्याच्याकडून होकार काढला आणि त्या गुरुवारी ते खिशात नाव लिहिलेला कागद घेऊन पाथरवटाकडे गेले. परत आले तर पबच्या दारात सगळं गाव उभं होतं, आणि एनिडही.

“तिला वाटलं, मी एका हातानं कबूल केलं आणि दुसऱ्या हातानं चोरलं,” ते म्हणाले. “मी तिला तीनदा सांगितलं, मी नाही घेतला. चौथ्यांदा सांगायला गेलो नाही.”

आम्ही निघालो तेव्हा ते खुर्चीतून उठले. चाचपडत दारापर्यंत आले. त्यांनी माझी बाही धरली.

“मिस्टर रज, खरं सांगा. एमॉसचं नाव वाचता येतं का अजून? की काहीच नाही उरलं?”

वाचता येतं, असं मी सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि दार लावून घेतलं.

रस्त्यावर येताच नेस्टाबाई भरभर चालायला लागल्या. नाव खरवडल्याची बातमी गावभर आहे, कुठलं हे आपण तिघांशिवाय आणि एनिडशिवाय कुणाला माहीत नाही, असं त्या चालता चालता म्हणाल्या. ज्यानं फलक लपवला त्याला ते माहीत असणारच. या माणसाला माहीत नव्हतं.

“नाटक करत असले तर?” मी विचारलं.

“तर मग एमॉसचं नाव शाबूत का? ज्या नावाची त्यांच्या घराण्याला लाज होती तेच नेमकं सोडून दिलं? नाही. हॅडो नव्हेत. ज्याला हर्बर्ट गिटिन्स हे नाव सहन होत नव्हतं असा माणूस शोधा.”

पण हर्बर्टचं नाव कुणाला खुपत होतं? गावात त्याच्याबद्दल वाईट बोलणारं एकही माणूस नव्हतं.

४

डोरीन मॅप तेव्हा वॅगनर्समध्ये गिऱ्हाइकांना सायडर भरून द्यायची. आता सहासष्ट वर्षांची, तोंडाची फटकळ. पबचा मालक आणि मालकीण दोघंही कधीच वारले होते, त्यामुळे त्या दिवशी दिवसभर आत असलेलं एवढं एकच माणूस उरलं होतं.

सुरुवातीला ती काहीच सांगेना. दुपारी पब बंद होता, आपण मागं कोंबड्यांना दाणे टाकत होतो, मालक झोपला होता, बस. नेस्टाबाईंनी जुने फोटो मागितले तेव्हा मात्र ती खुलली. खणातून एक फोटो काढून आणला. शेवटच्या दिवशी दुपारी बाराला काढलेला. मालक शेकोटीपुढं कमरेवर हात ठेवून उभा आणि त्याच्या डोक्यावर फलक, बाराही नावं स्वच्छ. डावीकडे नवं लाकडी अस्तर आणि शेकोटीला लागून दोन हात रुंद उघडी, पापुद्रे सुटलेली भिंत.

नेस्टाबाईंनी त्या उघड्या भिंतीवर बोट ठेवलं. हे अस्तर कुणी केलं, असं विचारल्यावर डोरीन म्हणाली, विल्फ गिटिन्सनं, घर विकत घेणाऱ्या दंतवैद्यासाठी. आणि शेवटचा तक्ता कधी बसला? ते काही तिच्या लक्षात नव्हतं. पण संध्याकाळी एकाच्या कोटाला ओलं व्हार्निश लागलं आणि तो शिव्या देत होता, हे तिला आठवत होतं.

“डोरीन,” नेस्टाबाई म्हणाल्या, “त्या दुपारी बारमध्ये कोण होतं?”

डोरीननं फोटो परत घेतला, फ्रॉकला पुसला.

“मालकानं मला फाडून खाल्लं असतं,” ती म्हणाली. “बंद वेळेत गिऱ्हाईक बसवणं म्हणजे गुन्हा होता तेव्हा. पण म्हातारा माणूस होता हो, आणि बाहेर वारा असा की उभं राहवेना. पाचला बस होती त्याची. म्हटलं बसा शेकोटीशी. अर्धा ग्लास सायडर दिला नि मी मागं गेले.”

कुठला होता, तर परका. बोलण्यात दुसऱ्याच मुलखाचा हेल. नाव सांगितलं नाही. फलकाकडे बघत उभा होता, हे तिनं दारातून पाहिलं होतं. पुढं ती म्हणाली की एक गोष्ट तिला तेव्हाही विचित्र वाटली होती. सायडरचा घोट घेऊन त्यानं विचारलं, आतल्या मोरीतल्या विहिरीचं पाणी अजून गोड आहे का?

“मी म्हटलं, बाबा, इथं कुठली विहीर? मला तर आतापर्यंत वाटायचं, दुसऱ्याच कुठल्या पबमध्ये असल्यासारखं बोलला असेल.”

नेस्टाबाई एकदम उभ्या जागी थांबल्या. आमच्या मोरीतल्या फरशीखाली विहीर आहे, हे त्यांनी जुन्या कागदांत वाचून आम्हाला दाखवलं होतं. ती १९१९ साली बुजवली.

५

विल्फ गिटिन्सच्या फाटकाशी आम्ही गुरुवारी सकाळी पोचलो. वारा सुटला होता आणि फाटक हातात धरून उभं राहावं लागत होतं. नेस्टाबाई फाटकाच्या बिजागऱ्या न्याहाळत होत्या. स्क्रूंच्या खाचा सगळ्या सरळ उभ्या, एका रेषेत.

“चर्चमधल्या बाकांनाही अशाच आहेत,” त्या पुटपुटल्या. “आणि तुमच्या त्या तक्त्याला?”

मी स्वतः ते स्क्रू सोडवले होते. सगळे उभे होते. तेव्हा त्याचं मला काहीच वाटलं नव्हतं.

विल्फ अजून ताठ होता. हात मात्र कापत. त्यानं आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं, म्हणजे मला बसवलं. फलक सापडल्याचं ऐकलं, बरं झालं, असं म्हणाला. अस्तराचं काम त्यानंच केलं हे लगेच कबूल केलं. कधी संपवलं? मंगळवारी. दोन दिवस आधी. त्यानंतर कुणीतरी तक्ता काढून फलक आत सारला असेल, त्याला कसं ठाऊक?

“हॅडो असेल,” तो म्हणाला. आणि ते म्हणताना त्यानं आमच्याकडे बघितलं नाही.

नेस्टाबाईंनी डोरीनचा फोटो टेबलावर ठेवला. गुरुवार, दुपारचे बारा. उघडी भिंत. विल्फनं तो चष्मा न लावता पाहिला आणि उलटा करून ठेवला.

“मिस्टर गिटिन्स, कुठलं नाव खरवडलंय ते तुम्ही विचारलं नाहीत,” नेस्टाबाई हळू आवाजात म्हणाल्या. “तुमच्या वडिलांचं आहे. गावात प्रत्येक जण मला पहिलं तेच विचारतो.”

म्हातारा उठला आणि मागचं दार उघडून अंगणात गेला. आम्ही बराच वेळ थांबलो. तो परत आत आला नाही.

६

परत येताना नेस्टाबाई इतक्या झपाझप चालत होत्या की मला धापा लागल्या. वाटेत त्यांनी मला सगळी मांडणी सांगितली.

पबच्या त्या शेवटच्या गुरुवारी बारापर्यंत फलक शाबूत होता आणि भिंत उघडी होती. सहाला फलक गेला होता आणि भिंतीवर ओलं व्हार्निश होतं. विल्फच्या हातचे स्क्रू, विल्फचं काम. तेव्हा लपवणारा विल्फ, याबद्दल शंका नाही. पण ज्यानं कापड आणि ठोकळे लावून फलक जपला, त्यानं स्वतःच्या बापाचं नाव भोसकून काढलं नसणार. ते त्या म्हाताऱ्यानं केलं, पाचच्या बसच्या आधी, रिकाम्या बारमध्ये.

“आता तो म्हातारा कोण? त्याला विहीर माहीत होती आणि ती बुजवल्याचं माहीत नव्हतं. म्हणजे तो १९१९ आधी इथला होता आणि नंतर कधी परत आला नाही. मेलेल्यांच्या यादीतलं एक नाव त्याला बघवलं नाही. या गावात हर्बर्ट गिटिन्सचं वाईट व्हावं असं कुणालाच वाटत नव्हतं. एक माणूस सोडून.”

मला आता कळलं होतं.

“हर्बर्ट गिटिन्स स्वतः,” त्या म्हणाल्या. “तो मेलाच नव्हता.”

शुक्रवारी दुपारी विल्फ आपणहून आमच्याकडे आला. आत येताना त्यानं टोपी काढली. फलक आम्ही शेकोटीला टेकवून ठेवला होता. त्याच्यासमोर खुर्ची ओढून तो बसला आणि त्या पांढऱ्या जखमेकडे बघत बोलायला लागला.

साडेचारच्या सुमाराला तो शेवटचा तक्ता बसवायला आला होता. एक म्हातारा दाराबाहेर पडत होता. त्याच्या बाहीवर सोनेरी कण चमकत होते. विल्फ आत गेला, वर बघितलं. आपल्या बापाचं नाव गेलेलं. पहिल्यांदा रागच आला. बस यायला पंचवीस मिनिटं होती, तो तसाच धावत बस थांब्यावर गेला.

“त्याला मी म्हटलं, तुझं काय घोडं मारलं होतं माझ्या बापानं? तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, तू विल्फ्रेड. मी तुला बघायलाच निघालो होतो.”

खोलीत कुणी हललं नाही. नेस्टाबाईसुद्धा.

हर्बर्टनं त्याला सांगितलं ते असं. आठ महिन्यांचा मुलगा, एकदाही न पाहिलेला. त्या ऑक्टोबरात चिखलात उभं राहून तो विचार त्याच्या डोक्यातून जाईना. एका पहाटे तो सरळ चालू लागला. एमॉस प्रीसनं ते पाहिलं आणि त्याला परत आणायला मागं गेला. दोन दिवस शोधत होता. हर्बर्ट एका पडक्या गोठ्यात लपून त्याच्या हाका ऐकत होता आणि बाहेर आला नाही. एमॉस एकटाच पकडला गेला. इकडे हर्बर्टच्या तुकडीवर तोफगोळा पडला होता आणि हर्बर्टही त्यातच गेला असं सगळ्यांनी धरलं होतं. लष्करी न्यायालयानं एमॉसला विचारलं, जागा सोडून कुठं गेला होतास. त्यानं उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं असतं तर अ‍ॅग्नेसचा नवरा शहीद राहिला नसता, पळपुटा झाला असता.

“हे त्याला वर्षभरानं कळलं, कुणा सैनिकाकडून. मग कुठल्या तोंडानं परत येणार? फ्रान्सच्या किनाऱ्यावर कुठंतरी दुसऱ्या नावानं राहिला. पब बंद होणार हे कुठल्याशा पेपरात वाचलं म्हणून आला. म्हणाला, एमॉसच्या वर माझं नाव सोन्यात कोरलेलं बघितलं आणि खिशातला चाकू काढला.”

“तुमच्या आईला भेटायचं म्हणाला नाही?” हिलरीनं विचारलं.

“विचारलं, आहे का. आहे म्हटलं. अजून कडं ठेवते म्हटलं.” विल्फनं टोपी गुडघ्यावर दाबली. “मग बस आली.”

घरी आई होती, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. संध्याकाळी ती फलक बघायला येणार होती. नाव गेलेलं दिसलं असतं तर तिनं विचारलं असतं, आणि तिच्याशी खोटं बोलायला विल्फला कधी जमलं नव्हतं. त्याच्या हातात तासभर होता, तक्ता होता, स्क्रू होते. फलक जाळणं त्याच्या मनाला पटेना. त्यावर बाकीचे अकरा होते. म्हणून त्यानं तो झाकला.

“आई चार वर्षांनी गेली,” तो म्हणाला. “तेव्हा सांगायला हवं होतं. एनिडला रस्त्यात बघायचो, लायनेलला बघायचो. दरवर्षी म्हणायचो, यंदा सांगतो. जितका उशीर झाला तितकं तोंड उघडेना.”

“उद्या गावसभा आहे,” नेस्टाबाई म्हणाल्या.

“ठाऊक आहे,” विल्फ म्हणाला. “पण आधी एनिडला. सभेत नाही.”

७

शनिवारी सकाळी दहाला मी त्याला एनिडबाईंकडे घेऊन गेलो. त्यानं सगळं उभ्यानं सांगितलं, जसं आम्हाला सांगितलं होतं तसंच, एकही गोष्ट मऊ न करता. गोठ्याचं सांगताना, हाका ऐकू येत होत्या हे सांगताना एनिडबाईंनी डोळे मिटून घेतले. तो थांबला तेव्हा त्यांनी त्याला बसायलाही सांगितलं नाही.

बाहेर वाऱ्यानं कुठलंसं दार आपटत होतं. मग त्यांनी विचारलं की शिळेवरचं तुझ्या बापाचं नाव काढायचं का. विल्फ म्हणाला, तो निर्णय तुमचा. तुम्ही म्हणाल तर आजच सभेत मागणी करतो.

“अ‍ॅग्नेसनं तिथं पंचावन्न वर्षं फुलं ठेवली,” एनिडबाई म्हणाल्या. “ते नाव तिचं आहे. राहू दे. पण खरं काय झालं ते तू आज सगळ्यांसमोर सांगायचंस. एमॉस कशासाठी गप्प राहिला ते गावाला कळू दे.”

“सांगतो.”

“आणि माझी माफी मागू नकोस. आज नको. आज मला नाही जमायचं.”

विल्फनं मान हलवली आणि टोपी घालून एकटाच निघून गेला. मीही निघणार होतो, तेवढ्यात एनिडबाईंनी मला कोट घालायला हात द्या म्हटलं. मला वाटलं, सभेच्या ठिकाणी जायचं असेल. सभा तर दुपारी तीनला होती. त्या फाटकाबाहेर पडून उजवीकडे वळल्या, ज्या दिशेला त्या कधीच जात नसत.

दोनशे पावलं चालायला आम्हाला पाव तास लागला. मधे दोनदा त्या थांबल्या. दुसऱ्यांदा थांबल्या तेव्हा मला वाटलं, आता परत फिरतील. विटांच्या घराशी आल्यावर त्यांनी काठीनं दार ठोठावलं. आतून पावलं आली, चाचपडत. दार उघडलं. लायनेल हॅडोंना समोर कोण आहे हे दिसत नव्हतं. त्यांनी दोनदा कोण म्हणून विचारलं.

“तू नव्हता घेतलास,” एनिडबाई म्हणाल्या.

ते चौकटीला धरून उभे राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू आवाजाकडे वळला.

“मी सांगितलं होतं तुला,” ते म्हणाले. “तीनदा.”

“हो. मी मोजलं होतं.”

त्या आत जाईनात आणि ते बाजूला होईनात. मी फाटकाशी उभा राहून जमिनीकडे बघत होतो. एनिडबाईंना परत घरी पोचवावं लागणार असं मी मनाशी धरलं होतं. मग लायनेलनी एक हात पुढे केला, जरा चुकीच्या जागी, आणि एनिडबाईंनी काठी डाव्या हातात घेऊन तो धरला. उंबरा ओलांडून त्या थबकल्या आणि मागं वळून माझ्याकडे बघितलं.

“तुम्ही जा, मिस्टर रज,” त्या म्हणाल्या. “मला वेळ लागेल.”